सोबत आणि पाळत

आपल्या सीमाभागात दोन ओळखीची माणसे रस्त्यात भेटली, की 'कसे आहात' या प्रश्नाच्या आधी 'जेवलात का?' हा प्रश्न येतो. शेजारचे कन्नड कुटुंबही 'ऊट आयता?' असेच विचारते. दोन भाषांत इतर बाबतींत कितीही वाद असोत, या एका प्रश्नावर दोघींचे एकमत आहे. ज्या पिढ्यांनी टंचाई पाहिली, रेशनच्या रांगा पाहिल्या, त्यांच्या लेखी अन्नाची चौकशी म्हणजे जिवाचीच चौकशी होती. पुढे याच चौकशीतून आपला 'आग्रह' जन्माला आला. पाहुण्याने पानावर हात आडवा धरावा आणि यजमानीणबाईंनी तो हात बाजूला सारून कुंद्याचा आणखी एक चमचा वाढावा, यालाच आपण माया समजत आलो.

परंतु आता काळ बदलला आहे. ज्यांच्या आजोबांना दोन वेळच्या भाकरीची भ्रांत होती, त्यांच्या नातवंडांना डॉक्टर 'भाकरी मोजून खा' असे सांगत आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने देशभर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. अशा वेळी मायेचे रूप कोणते असावे? ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याच्या ताटाविषयी आणि देहाविषयी बोलण्याचा आपल्याला अधिकार किती, आणि जबाबदारी किती? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार आम्ही आमच्याच एका चुकीच्या आधारे करणार आहोत.

आम्ही राज्य शासनाच्या सेवेतून २०१९ साली निवृत्त झालो. नोकरी लेखापरीक्षणाची, म्हणजे आयुष्य इतरांच्या वह्या तपासण्यात गेले. निवृत्तीनंतर करोनाची दोन वर्षे घरात बसून काढली आणि २०२२ च्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी आमचा कागद समोर ठेवला. वजन ९१ किलो, पोटाचा घेर १०४ सेंटिमीटर. भारतीय पुरुषासाठी हा घेर ९० च्या आत असावा आणि स्त्रीसाठी ८० च्या आत, असे ते म्हणाले. साखरही उंबरठ्यावर आली होती. ३३ वर्षे इतरांच्या हिशेबातील तफावत दाखवणाऱ्या माणसाला स्वतःच्या देहातील ही तफावत दिसली नव्हती.

त्या जूनपासून कंग्राळीतले आम्ही सातजण पहाटे चालू लागलो. गावातून निघून शेतांमधल्या रस्त्याने मार्कंडेय नदीच्या दिशेने जायचे आणि परत यायचे, असा क्रम ठरला. बेळगाव शहर आता गावाला येऊन भिडले असले, तरी नदीकडे गेले की भाताची खाचरे, ऊस आणि भाजीचे मळे अजून दृष्टीस पडतात. मंडळीत एक निवृत्त शिक्षक होते, बाजार समितीच्या आवारात बटाटा-रताळ्याच्या अडतीवर आयुष्य घालवलेले एक वयोवृद्ध स्नेही होते, ज्यांना सारे गाव अण्णा म्हणते. आणि दोन भगिनीही होत्या. त्यांतील एकीने महाराष्ट्रातील डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत स्वीकारली होती. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकर यांच्या विचारावर उभी असलेली ही पद्धत वाचकांना ठाऊक असेलच. कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखायच्या, त्या दोनच वेळा प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवायचे आणि रोज ४५ मिनिटे चालायचे. या पद्धतीविषयी आहारतज्ज्ञांत मतभेद आहेत आणि त्यात आम्ही शिरत नाही. परंतु त्या भगिनींनी सांगितलेली एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटली. नियमापेक्षाही त्यांना अधिक उपयोगी पडले होते ते तोच नियम पाळणाऱ्या अनोळखी माणसांचे मोबाईलवरील मंडळ. लातूरच्या कोणाला, नाशिकच्या कोणाला आपल्यासारखीच संध्याकाळी सहा वाजता भूक छळते, एवढे कळले तरी ती संध्याकाळ निघून जाई.

एकत्र प्रयत्न करण्याचे फळ मिळते, याला पुरावाही आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील तीन हजारांहून अधिक लोकांवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना मार्गदर्शक देऊन आहार बदलायला शिकवले, आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम आणि सात टक्के वजन घटवण्याचे उद्दिष्ट दिले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. गोळी घेणाऱ्यांत ते ३१ टक्क्यांनी घटले. साठी ओलांडलेल्यांमध्ये तर ही घट ७१ टक्के होती. आमच्या बाबतीत सात टक्के म्हणजे सहा-साडेसहा किलो. हा आकडा आवाक्यातला होता.

आता आमच्या चुकीकडे वळतो. चार महिने झाल्यावर आम्ही एक वही घातली. लांब पानांची, लाल कापडी पुठ्ठ्याची, उभ्या-आडव्या रेघा मारलेली. प्रत्येकाचे नाव, मागील वजन, चालू वजन, फरक. दर शनिवारी एका घरच्या पडवीत काटा मांडायचा, एकेकाने त्यावर उभे राहायचे आणि आम्ही आकडा मोठ्याने वाचून लिहायचा. घटले तर निळी शाई, वाढले तर लाल. हेतू शुद्ध होता. सर्वांना प्रोत्साहन मिळावे हाच. पहिले काही शनिवार हशा, टाळ्या, थट्टा यांत आनंदात गेले. नंतर थट्टा कमी झाली आणि शांतता वाढली. एक भगिनी 'घरी पाहुणे आहेत' म्हणून दोन शनिवार आल्या नाहीत. शिक्षकमित्र काट्यावर चढण्याआधी खिशातील किल्ल्या आणि सुटे पैसे काढून ठेवू लागले. आम्ही हे पाहत होतो, आणि 'मंडळी गंभीर झाली' असा त्याचा अर्थ लावून समाधान पावत होतो.

२०२३ च्या जानेवारीतील एका शनिवारी अण्णा परतीच्या वाटेवर चक्कर येऊन खाली बसले. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. सुदैवाने शिक्षकमित्रांना लक्षण ओळखू आले. जवळच्या घरातून साखरेचे पाणी आणून पाजले आणि काही मिनिटांनी अण्णा शुद्धीवर आले म्हणावे असे सावरले. डॉक्टरांकडे गेल्यावर उलगडा झाला. अण्णांना मधुमेहाची गोळी चालू होती. आदल्या दुपारपासून त्यांनी अन्न घेतले नव्हते. गोळी मात्र नेमाने घेतली होती. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या पोट रिकामे असले तरी आपले काम करीतच राहतात, आणि मग रक्तातील साखर धोक्याच्या खाली जाते. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले, की रस्त्याऐवजी हे रात्री झोपेत घडले असते तर कोणाला कळलेही नसते.

त्या संध्याकाळी आम्ही अण्णांच्या घरी गेलो. अंथरुणावर उशीला टेकून ते बसले होते. आम्ही काहीशा अधिकारवाणीनेच विचारले, "अण्णा, असे उपाशी राहायला तुम्हांला कोणी सांगितले?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन शनिवार लाल शाई पडली होती की ओ, साहेब. तिसऱ्यांदा नको वाटली." वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या, कप ठेवले आणि आमच्याकडे न बघताच परत गेल्या. वहिनींचे ते न बघणे आम्ही आजवर विसरलेलो नाही.

वास्तविक ही गोष्ट आमच्याइतकी कोणालाच आधी कळायला नको होती काय? आयुष्यभराच्या तपासण्यांत आम्ही एक नियम पाहिला होता. ज्या संस्थेत तपासनिसाचे भय मोठे, तेथील वह्या सर्वांत स्वच्छ असतात. कारण त्या आदल्या रात्री लिहिलेल्या असतात. व्यवहार तसाच राहतो, फक्त कागद सुधारतो. अण्णांनी वेगळे काय केले? त्यांनी आदल्या रात्री वही लिहिली, एवढेच. पण ती शाईने लिहायची सोय नसल्यामुळे आपल्या देहाने लिहिली. वही सहा जणांपुढे वाचली जाणार होती, आणि त्या सहा जणांचे मत त्यांना स्वतःच्या जिवापेक्षा मोठे वाटले. याला आम्ही प्रोत्साहन म्हणत होतो. प्रत्यक्षात ती पाळत होती.

सोबत आणि पाळत या दोहोंत फरक कसा करावा? दोन्हींत माणसे आपल्याकडे पाहत असतात, दोन्हींत आपुलकीची भाषा असते. आमच्या मते कसोटी एकच आहे. ज्या मंडळीत आपली चूक सांगता येते, ती सोबत. जिच्यापासून ती लपवावी लागते, ती पाळत.

या संदर्भात एका परदेशी बाईंची हकीकत सांगण्यासारखी आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या जीन निडेच या गृहिणीचे वजन ९७ किलोच्या घरात गेले होते. नगर आरोग्य विभागाच्या दवाखान्यात त्यांना पथ्याचा तक्ता मिळाला, वजनही उतरू लागले; पण घरी त्या बिस्किटे लपवून ठेवत आणि चोरून खात, आणि ही गोष्ट दवाखान्यात सांगण्याचे धैर्य त्यांना होत नव्हते. शेवटी १९६१ साली त्यांनी सहा मैत्रिणींना घरी बोलावले आणि त्यांच्यापुढे बिस्किटांची कबुली दिली. मग त्या मैत्रिणींनीही आपापल्या चोऱ्या सांगितल्या. त्या दिवाणखान्यातून १९६३ साली 'वेट वॉचर्स' ही संस्था उभी राहिली आणि पुढे जगभर पसरली. संस्थेचा पुढे मोठा व्यापार झाला, तो भाग वेगळा. परंतु आरंभ कशात होता, हे पाहण्यासारखे आहे. पथ्याचा तक्ता तर दवाखान्यातही होता. तेथे नव्हती ती कबुलीची जागा.

शिवाय ज्या आकड्यासाठी आम्ही एवढा दरबार भरवला, तो आकडा तरी सगळे सांगतो काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासमवेत २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच एक छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या प्रमाणात वजन मोजण्याच्या निर्देशांकात दोघांचा आकडा अगदी एकच, २२.३. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. भारतीय माणूस वरून सडपातळ दिसत असूनही आतून मेदयुक्त असू शकतो, हे त्यांनी स्वतःच्याच देहाच्या दाखल्याने जगाला दाखवले. काटा खोटे बोलत नाही, पण त्याला विचारावा तेवढाच प्रश्न त्याला कळतो. स्नायू घटले की चरबी घटली, माणूस चालून हलका झाला की उपाशी राहून, हे त्याला सांगता येत नाही.

मग पाळत सोडली तर उरते काय? येथे 'अवधान' या जुन्या शब्दाकडे वळावे लागते. पाश्चात्त्य देशांत १९७९ पासून जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समधील वैद्यकीय संस्थेत बौद्ध ध्यानाच्या आधारे सजगतेचे वर्ग सुरू केले आणि आता तो विषय सर्वत्र शिकवला जातो. आपल्याकडे मात्र त्याचा एक धडा रोज जेवणाच्या पाटावर होता. पूर्वी आमचे वडील जेवायला बसले, की ताटाभोवती पाणी फिरवीत, उजव्या बाजूला भाताच्या चार शितांची चित्राहुती घालीत, आपोशन घेत आणि मगच पहिला घास उचलीत. लहानपणी आम्हांला तो नुसता उशीर वाटे. आज वाटते, की भूक आणि घास यांच्यामध्ये त्यांनी अर्ध्या मिनिटाचे अंतर ठेवले होते आणि त्या अंतरात माणूस आपल्या पानाकडे पाहत असे. घाई आणि बडबड टाळून, मन अन्नात ठेवून जेवावे असे चरकसंहितेने सांगितले आहे. आणि पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाने, एक पातळ पदार्थाने भरावा व चौथा मोकळा ठेवावा, असे वाग्भटांचे सांगणे आहे. पोट भरल्याची जाणीव व्हायला थोडा वेळ लागतो. जो दूरदर्शनसमोर सात मिनिटांत जेवण उरकतो, त्याच्यापर्यंत ती जाणीव पोचते तेव्हा ताट रिकामे झालेले असते.

अवधानाचा एक विशेष असा, की ते दुसऱ्यासाठी करता येत नाही. वजन दुसरा मोजू शकतो, भूक मोजू शकत नाही. आम्ही स्वतः हा प्रयोग केला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. रोज दुपारी चार वाजता आम्ही शेव-चिवड्याचा डबा उघडत असू. एके दिवशी डबा हातात घेऊन नुसते थांबलो. भूक नव्हतीच. चार वाजता कचेरीत चहाबरोबर फायली घेऊन माणसे येत; आता कोणी येत नव्हते. तो डबा त्या माणसांच्या जागी होता. कोणत्याही वहीला हे सापडले नसते. आणि हे आम्ही दुसऱ्या दिवशी चालताना मंडळींना सांगितले, तेव्हा शिक्षकमित्र थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "मी रात्री अकराला खातो. मुलगा पुण्याहून फोन करतो ना, त्यानंतर." अवधान ज्याचे त्याने करावे हे खरे, पण त्यात जे सापडते ते सांगायला माणूस लागतो.

येथे कोणी आक्षेप घेईल, की धाक नसेल तर शिस्त राहत नाही. मनुष्यस्वभाव सैल आहे. आक्षेपात तथ्य आहे. वही बंद केल्यावर आमच्यातील दोघांचे चालणे महिनाभर अनियमित झाले, हे मान्य केले पाहिजे. परंतु धाकाशिवाय शिस्त कशी असते, याचे उदाहरण आपल्या गावांतील तालमीत आहे. तालमीत मल्लाला जोड लागते. जोडीदार त्याला रोज पाडतो, त्याच्या उणिवा त्याला त्याच्याइतक्याच ठाऊक असतात, तरी अंगाला माती लावून दोघे पुन्हा समोरासमोर उभे राहतात. जोडीदाराची शिस्त त्याच्या हजेरीत असते. तो पहाटे आला नाही, तर दुसऱ्याची मेहनतही अडते. आम्हीही आता एवढेच ठरवले आहे: पाचला दारात येऊन हाक मारायची. 'किती घटले' हे विचारायचे नाही, 'चला' म्हणायचे. काल का आला नाहीत, हेही सांगावेसे वाटले तर ज्याने त्याने सांगावे. काटा ज्याच्या त्याच्या घरी आणि औषधाचा प्रश्न ज्याच्या त्याच्या डॉक्टरांकडे. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याखेरीज एकही जेवण गाळायचे नाही, हा मात्र आमच्या मंडळीतला सक्त नियम आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांला उशिरा समजली. दोन शनिवार न आलेल्या भगिनींकडे पाहुणे नव्हतेच. त्यांनी पुढे एकदा सांगितले, की घरात सर्वांचे झाल्यावर त्या जेवतात आणि पातेल्यात उरलेला भात, मुलांनी टाकलेली अर्धी पोळी टाकवत नाही म्हणून खातात; रात्री साडेदहाला. आम्ही त्यांच्या नावापुढे लाल शाईने आकडा लिहिला होता. तो आकडा खरे म्हणजे त्यांच्या घरच्या पाच जणांच्या पानांची बेरीज होता. अशा स्त्रीला 'मन आवरा' असा उपदेश करणे हा अन्याय आहे. तिला प्रोत्साहन द्यायचे तर घरच्या पुरुषांनी तिच्यासोबत वेळेवर पानावर बसावे, आपले पान स्वच्छ करून उठावे आणि पहाटेच्या पहिल्या चहाची जबाबदारी स्वतः घ्यावी. हे लिहिताना आम्ही आमच्या घराकडेही पाहिले. ४० वर्षांत सौभाग्यवती आमच्या आधी जेवल्याचे आम्हांला आठवेना. आता आम्ही एकत्र बसतो. आमटी गार होत नाही, हा त्यातला आम्हांला झालेला लाभ; तिचा लाभ तिने अजून बोलून दाखवलेला नाही.

वजन उतरवण्यासाठी आठवड्याला एकदा टोचून घेण्याची नवी औषधे २०२५ साली आपल्या देशात उपलब्ध झाली आहेत. गरजूंना ती जरूर मिळावीत. आम्ही त्यांच्या विरोधात नाही. परंतु भूक औषधाने शमली, तरी चार वाजताचा रिकामा वेळ आणि रात्री अकराचा फोन यांचे काय करायचे, हा प्रश्न माणसांनी माणसांतच सोडवावा लागेल.

आणि 'आग्रह'? तो आम्ही सोडलेला नाही. गेल्या जत्रेला घरी ३० पाने झाली. प्रत्येकाला एकदा मनापासून वाढले. नको म्हटल्यावर दुसऱ्यांदा वाढले नाही. एक वडीलधारे आप्त थोडे रुसले. 'आता तुमच्याकडे जेवायला वाढत नाहीत' असे म्हणाले. आम्ही त्यांना दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता नदीकडे चलण्याचा आग्रह केला, आणि तो मात्र त्यांचा हात बाजूला सारून केला. ते आले. वाटेत गुडघे दुखतात म्हणून तीनदा बसले. आम्हीही तीनदा बसलो.

असो. लाल पुठ्ठ्याच्या वहीची उरलेली पाने सौभाग्यवतींनी दुधाच्या हिशेबासाठी घेतली आहेत. आमचे वजन सध्या ८५ आहे. मध्यंतरी ८३ झाले होते, श्रावण-भाद्रपदातील सणांनी दोन परत आणले. अण्णांचे किती आहे, ते आम्हांला ठाऊक नाही. पहाटे पाचला त्यांच्या दारात हाक मारली, की आतून वहिनींचा आवाज येतो, "थांबा, भाकरीचा तुकडा खाऊन निघालेत." आम्ही थांबतो.